गाडीचं वय नको, तब्येत विचारा!

मैत्रिणींनो, आजचा विषय वाचून काही जणी पान उलटतील, म्हणून आधीच सांगते, जरा थांबा! विषय आहे गाडीच्या इंजिनात घालायच्या ऑइलचा. आणि गाडी तरी कुठली? लाख-दीड लाख किलोमीटर पळून झालेली, पत्र्याला पोचे आलेली, पण घर चालवणारी पेट्रोलवरची मालवाहू गाडी. हा विषय बायकांच्या पुरवणीत कशाला, असं कुणी विचारेलही. माझं उत्तर सोपं आहे. त्या गाडीचा हप्ता ज्या घरातून जातो, त्या घराच्या हिशेबाची वही बहुतेक वेळा बाईच्याच हातात असते. मग त्या गाडीच्या पोटात काय जातंय, हे तिला ठाऊक नको?

माल वाहणारी गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर डिझेलचा मोठा ट्रक येतो. पण तालुक्याच्या गावात जरा नजर टाका. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली आणि पुढे ओम्नी या नावाने घराघरांत पोचलेली गाडी २०१९ मध्ये बनायची बंद झाली, तरी बाजाराच्या दिवशी भाजीच्या पाट्या घेऊन ती उभी असतेच. सीट काढून माल भरलेली इको असते. २००५ मध्ये आलेला आपला ‘छोटा हत्ती’ आधी डिझेलवरच होता, पुढे तो पेट्रोलवरही आला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले, तेव्हा मारुतीने डिझेल इंजिनं बंदच केली, त्यामुळे त्यांचा सुपर कॅरी टेम्पोही आता पेट्रोल आणि सीएनजीवरच मिळतो. दुधाचे कॅन, मंडपाचं सामान, पाण्याचे जार, बचत गटाचे पापड-लोणच्याचे बॉक्स, सगळं या छोट्या गाड्यांवर चालतं. आणि यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या असतात.

अशा गाडीचा काटा एक लाखाच्या पुढे गेला की एक सल्ला हमखास मिळतो. “गाडी म्हातारी झाली, आता जाड ऑइल टाका.” गॅरेजमध्ये मिळतो, पानपट्टीवर मिळतो, शेजारच्या काकांकडूनही मिळतो. दुसरा सल्ला याच्या अगदी उलट, सर्वांत महाग सिंथेटिक टाका म्हणजे इंजिन पुन्हा तरुण! दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखी आहे. गाडीला काय होतंय, हे कुणी विचारलेलंच नसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑइल निवडायचं ते गाडीच्या वयावर नाही, तर तब्येतीवर. घरातल्या सासूबाईंना साठी झाली म्हणून आपण न तपासता बीपीची गोळी सुरू करतो का? नाही ना? मग इथेच हा उलटा न्याय का?

आधी त्या डब्यावरच्या आकड्यांचं कोडं सोडवू. मी कला शाखेची पदवीधर, त्यामुळे मला समजलं ते तुम्हालाही समजेल याची खात्री बाळगा. डब्यावर ५-डब्ल्यू-३० किंवा २०-डब्ल्यू-५० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा सांगतो, गार असताना ऑइल किती सहज वाहतं. तो जितका कमी तितकं ते गारठ्यात चटकन पळतं. नंतरचा आकडा सांगतो, इंजिन पूर्ण तापल्यावर, म्हणजे १०० अंशाला, ऑइल किती घट्ट राहतं. ५० नंबरचं ऑइल तापल्यावरही ३० नंबरपेक्षा साधारण दीडपटीहून जास्त घट्ट असतं.

यावर म्हणतात, “आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? गार-गरम आपल्याला काय करायचंय?” इथेच फसगत होते. आपल्याला उकडत असलं तरी सकाळी सहा वाजता उभ्या गाडीचं ऑइल पंचवीस-तीस अंशाला असतं. इंजिनाच्या हिशेबाने ते गारच! त्या वेळी २०-डब्ल्यू-५० हे ५-डब्ल्यू-३० पेक्षा दुपटीहून जास्त घट्ट असतं. थंडीत गोठलेलं खोबरेल बाटलीतून काढताना काय होतं ते आठवा. रात्रभर गाडी उभी राहिली की इंजिनातलं बरंचसं ऑइल खाली उतरून बसतं. सकाळी चावी फिरवली की ते पंपाने वर, थेट वरच्या भागापर्यंत पोचावं लागतं. ते पोचेपर्यंत लोखंडावर लोखंड घासतं, आणि इंजिनाची बरीच झीज याच वेळी होते. दुधाच्या गाडीसारखी जी गाडी दिवसातून दहा वेळा बंद-चालू होते, तिला तर हे फारच भोवतं. शिवाय घट्ट ऑइल ढवळायला इंजिनाला जास्त जोर लागतो, म्हणजे पेट्रोलही थोडं जास्त जातं.

मग जाड ऑइल टाकल्यावर गाडी “गप्प” का होते? होते, हे खरं आहे. अनुभवी मिस्त्री उगाच सांगत नाहीत. झिजलेल्या भागांमधल्या फटी वाढलेल्या असतात. त्यातून पातळ ऑइल लवकर निसटतं, जाड ऑइल काही काळ टिकतं. आवाज कमी होतो, धूरही कमी दिसतो. पण झीज भरून येत नाही. ती फक्त झाकली जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ती मूठ आपल्याच खिशावर उघडते!

म्हणूनच जुनी गाडी विकत घेताना आपण बायकांनी विशेष सावध राहायला हवं. आमच्या तालुक्यातल्या एका बचत गटाने मालासाठी जुनी व्हॅन बघितली. गाडी धुऊनपुसून चकाचक, इंजिनाचा आवाज तर एकदम मऊ. सगळ्या खूश. पण गटातल्या एक ताई, ज्यांचे वडील ड्रायव्हर होते, त्यांनी पुढच्या सीटला हात लावला. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट चांगलीच गरम होती, म्हणजे या पोचायच्या आधीच गाडी तापवून ठेवलेली. ताई म्हणाल्या, “दादा, उद्या सकाळी येतो. इंजिन गार असताना आमच्यासमोर चालू करा.” दुसऱ्या दिवशी चावी फिरवली आणि मागून निळ्या धुराचा लोट निघाला. ऑइलची पट्टी काढून बघितली तर काकवीसारखं जाड ऑइल. सौदा तिथेच मोडला. गटाचे पैसे वाचले ते एका हाताच्या स्पर्शाने.

आता तब्येत तपासायची कशी ते बघू. यासाठी गॅरेजच लागतं असं नाही. एक वही, एक जुनं फडकं आणि कालचं वर्तमानपत्र पुरतं.

पहिली गोष्ट, पट्टी बघायची. इंग्रजीत तिला डिपस्टिक म्हणतात. गाडी सपाट जागेवर उभी हवी आणि इंजिन बंद करून काही मिनिटं झालेली हवीत. सकाळी गाडी काढण्याआधी बघितलं तर उत्तमच. पट्टी बाहेर काढा, फडक्याने पुसा, परत पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून बघा. तिच्यावर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोघींच्या मध्ये हवं. वरच्या खुणेपर्यंत भरलं की त्या दिवशीचा काट्यावरचा आकडा वहीत लिहा. मग दर शनिवारी बघा, आणि जितकं ऑइल वरून घालावं लागेल तितकं लिहून ठेवा. हजार किलोमीटर झाले की बेरीज करा. गाडी किती ऑइल “पिते” ते तुमच्यासमोर येईल. ढोबळ मानाने सांगायचं तर हजार किलोमीटरला पाव लीटरच्या आत असेल तर जुन्या गाडीबद्दल फार काळजी नको. अर्ध्या लीटरच्या वर गेलं तर मात्र नुसत्या ऑइलवर चर्चा करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट, धूर. सकाळी गाडी चालू करताना निळसर धुराचा एक झोत येऊन थांबला, किंवा घाट उतरून पुन्हा ॲक्सिलेटर दाबल्यावर निळा धूर आला, तर बहुधा व्हॉल्व्हचे रबरी सील गेलेले असतात. गाडी ओढताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर संशय घ्या. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, त्याचा ऑइलशी संबंध नाही. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ दिसणं नेहमीचंच. पण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर राहिला, किंवा पट्टीवरचं ऑइल दुधाळ दिसलं, तर इंजिनात पाणी शिरतंय. अशी गाडी चालवू नका, सरळ मिस्त्रींना बोलवा.

तिसरी गोष्ट, गळती. रात्री गाडीखाली कालचं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडलाय ते कळेल. गळणारं ऑइल आणि जळणारं ऑइल ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि दोन्हींवर जाड ऑइल हे एकच औषध देणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

तब्येत कळली की निवड अवघड राहत नाही. ऑइल कमी होत नाही, धूर नाही, गळती नाही, अशी गाडी दीड लाख किलोमीटर पळालेली असली तरी तिला गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलाच ग्रेड द्या. काटा मोठा दिसला म्हणून बदल करायचं कारण नाही. थोडंफार ऑइल पीत असेल, तर पुस्तिकेत परवानगी दिलेल्या ग्रेडपैकी जरा घट्ट असलेला घ्या. बऱ्याच जुन्या पुस्तिकांत हवामानानुसार दोन-तीन ग्रेड दिलेले असतात, त्यात ३० च्या जोडीला ४० असेल तर तो घ्यावा. आणि खूप पीत असेल तर आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या आणि दुरुस्तीचा खर्च विचारा. पैशांची सोय होईपर्यंत दोन-चार महिने जाड ऑइलवर काढायचे असतील तर काढा, पण आपण दुखणं पुढे ढकलतोय हे माहीत असू द्या आणि दर महिन्याला दुरुस्तीसाठी बाजूला पैसे टाका. नव्या धर्तीच्या इंजिनांना तर हा प्रयोगही नको. त्यांच्यातले ऑइलचे मार्ग बारीक असतात. ज्या इंजिनाला ०-डब्ल्यू-२० सांगितलंय त्यात २०-डब्ल्यू-५० ओतणं म्हणजे चहाच्या गाळणीतून पिठलं गाळणं.

अमेरिकेत पेट्रोलवरचे पिकअप ट्रक घरोघरी असतात आणि ते खूप पळवले जातात. तिथे २००० साली व्हॅल्व्होलिन कंपनीने जास्त पळालेल्या गाड्यांसाठी वेगळं ऑइल आणलं, मग इतरांनीही आणलं. ७५ हजार मैलांच्या, म्हणजे सुमारे एक लाख वीस हजार किलोमीटरच्या पुढच्या गाड्यांसाठी ते असतं. त्यात कडक झालेले रबरी सील पुन्हा थोडे मऊ करणारी, फुगवणारी द्रव्यं घातलेली असतात. सीलमधून थोडं पाझरत असेल तर त्याचा उपयोग होतो. पण सील फाटलेलं असेल, रिंगा झिजलेल्या असतील, तर ते ऑइलही काही करू शकत नाही. तेव्हा परदेशातल्या भाच्याने असा डबा सुचवला तर जरूर ऐका, पण आधी वही उघडा.

आकड्यांइतकीच महत्त्वाची आहेत डब्यावरची अक्षरं. एपीआय या शब्दापुढे दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर एस असेल तर ते पेट्रोल इंजिनासाठी आणि सी असेल तर डिझेलसाठी. काही डब्यांवर दोन्ही असतात, ते चालतं. एस पुढचं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा आणि एसक्यू २०२५ चा. जुन्या गाडीला जुन्या दर्जाचंच ऑइल लागतं ही समजूत सोडून द्या. ग्रेड तोच ठेवून पुढच्या अक्षराचं ऑइल सहसा बिनधास्त घालता येतं. शेतकरी घरांत एक सवय मात्र सर्रास दिसते. ट्रॅक्टरसाठी आणलेला ऑइलचा मोठा डबा घरात असतो, मग “त्यातलंच ओता की लीटरभर!” ट्रॅक्टरचं इंजिन डिझेलचं, त्याच्या ऑइलची घडण वेगळी. मोटारसायकलचं ऑइलही तसंच, ते तिच्या ओल्या क्लचचा विचार करून बनवलेलं असतं. घरात आहे म्हणून खोकल्याचं औषध डोळ्यात घालत नाहीत!

आणि सिंथेटिकचं काय? ते वाईट नाही. उष्णता जास्त सोसतं, गारठ्यात लवकर वाहतं. सिंथेटिक घातल्याने गळती सुरू होते असं म्हणतात, पण ते सील खराब करत नाही. जुन्या गाळाने बुजलेली एखादी फट मोकळी होते आणि आधीपासून असलेली गळती दिसायला लागते, इतकंच. पण जी गाडी महिन्याला लीटरभर ऑइल पिते तिला महागाचं ऑइल पाजणं म्हणजे फुटक्या घागरीत अत्तर ओतणं. अशा गाडीला योग्य ग्रेडचं साधं, चांगल्या दर्जाचं ऑइल वेळेवर आणि फिल्टरसकट बदलणं जास्त शहाणपणाचं. धूळ, ओझं, थांबत-थांबत फिरणं हे सगळं आपल्या गाड्यांच्या नशिबी असतं. अशा वापरासाठी पुस्तिकेत कमी अंतरावर ऑइल बदलायला सांगितलेलं असतं, ते पाळा. सीएनजीवर गाडी चालवणाऱ्या बहिणींनी आणखी एक ध्यानात ठेवावं. गॅसवर काजळी कमी होत असल्याने ऑइल लवकर काळं पडत नाही. ते स्वच्छ दिसतं, पण उष्णतेने त्याचा कस गेलेला असू शकतो. रंगावर जाऊ नका, वहीतल्या किलोमीटरवर जा.

बनावट ऑइलचा त्रास वेगळाच. ओळखीच्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलतंच काहीतरी भरून विकायचे प्रकार होतात. म्हणून डबा आपल्यासमोर फोडायला सांगा, सील आणि बॅच नंबर बघा, पक्कं बिल घ्या. आणि रिकामा डबा कापून टाका, म्हणजे तो पुन्हा भरला जाणार नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

हे सगळं पुरुषांनी बघावं, आपण कशाला, असं अजूनही वाटतं का? गॅरेजमध्ये गेलं की “वहिनी, तुम्ही राहू द्या, साहेबांना पाठवा,” असं ऐकायला मिळतं, हे मला ठाऊक आहे. त्यावर भांडायची गरज नाही. माझं मिस्त्रींशी वैर नाही, त्यांच्या कानाला इंजिनाचं जे कळतं ते पुस्तकाला कळत नाही. पण गिऱ्हाईक विचारतच नाही, त्याला फक्त आवाज आजच्या आज बंद व्हायला हवा असतो, मग मिस्त्रीही सोपा उपाय देऊन मोकळे होतात. आपण वही पुढे करून तीनच प्रश्न विचारायचे. “दादा, पुस्तिकेत कुठला ग्रेड आहे? तुम्ही दुसरा का सुचवताय? आणि यामुळे दुखणं बरं होणार की फक्त झाकलं जाणार?” चांगला मिस्त्री या प्रश्नांनी खूश होतो. जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

दोन ऑइलमधला फरक काहीशे रुपयांचा असतो. इंजिन उतरवायची वेळ आली की आकडा दहा-दहा हजारांत जातो, आणि गाडी गॅरेजमध्ये पडून असते ते दिवस वेगळेच. तेवढे दिवस दूध कुणी पोचवायचं? ऑर्डरचे डबे कसे जायचे? ठरलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं तर ते परत येतंच असं नाही. म्हणून हा प्रश्न यंत्राचा जितका आहे तितकाच घरच्या चुलीचा आहे. आणि एक सक्त ताकीद, गाडी चालवताना ऑइलच्या बुधलीचं लाल चित्र लागलं तर “घर जवळच आहे” म्हणून दामटू नका. तो दिवा ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो. तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा.

येत्या शनिवारी सकाळी, सडा-रांगोळी झाली की फडकं घेऊन गाडीपाशी जा. मुलीलाही सोबत घ्या. पट्टी काढायची कशी, पुसायची कशी, वाचायची कशी ते तिला दाखवा, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारीख आणि काट्यावरचा आकडा तिच्याच हाताने लिहू द्या.